फोटूपुरती मोकळी जागा

बांगडी फुटली असं म्हणायचं नसतं, वाढवली म्हणायचं, हे बाईच्या जातीला कुणी शिकवावं लागत नाही. पण त्या दिवशी बनाबाई कासारणीनं शालूच्या हातावर अशा काही बांगड्या वाढवायला घेतल्या, की अंबूबाईला बघवेना. एक झाली, दुसरी झाली, तिसरी तर पंजातून वरसुद्धा सरकली नाही, कट्कन मोडून शालूच्या ओच्यात पडली.

"बने, डोळं फुटलं काय गं तुजं?" अंबूबाई खेकसली. "पोर दोन जिवांची हाय. नवरा तिकडं लढाईवर. आन् हे काय चालवलंयस माज्या उंबऱ्यात?"

एरवी बनाबाईचा हात म्हणजे लोणी. नवरीला कळायच्या आत बांगडी मनगटावर चढलेली असायची. त्याच हातात आज एक बांगडी धड टिकत नव्हती. तिनं बांगड्यांची माळ खाली ठेवली आणि शालूला म्हणाली, "लेकी, वाईच पानी आन गं." शालू पोट सावरत आत गेली, तशी बनाबाईनं अंबूबाईचा हात घट्ट धरला.

"वैनी, मी लय मोठं पाप केलंय. तुमच्या भावाला मी खरं सांगितलंच न्हाई."

"कशाचं खरं?"

"कृष्णात जिता हाय, हे."

अंबूबाईला पुढचं काही विचारायची गरजच नव्हती.

आता हे प्रकरण मुळापासून सांगितल्याशिवाय कळायचं नाही. गेल्या मार्गशीर्षात अंबूबाईचा मुलगा कृष्णात पलटणीतून रजेवर आला होता. संगती अर्जुना होता. हा अर्जुना जतकडचा, धनगराचा. आईबाप लहानपणीच गेलेले, मेंढरं चुलत्यांनी वाटून घेतलेली, त्यामुळं रजा मिळाली तरी जायचं कुठं हा त्याला प्रश्न. मग कृष्णात त्याला घरीच घेऊन यायचा. एका दुपारी दोघं अंगणात उघड्या अंगानं शेजारी शेजारी बसले होते. अंबूबाई लेकाच्या डोक्याला तेल चोळून नुकती उठली होती. तेवढ्यात कुठनं तरी एक कावळा आला, कृष्णातच्या टाळक्यावर बसला, चोच मारली आणि अर्जुनाच्या डोक्यावरून झापकन उडून गेला. पोरं खदाखदा हसली. अर्जुना म्हणाला, "मावशी, तेल लय गोड घातलंसा वाटतं!"

अंबूबाई हसली नाही. डोक्यावर कावळा बसणं म्हणजे मरणाचं बोलावणं, हे तिच्या आईनं, आजीनं सांगितलेलं. त्याच्यावरचा तोडगाही त्यांनीच सांगितलेला. त्या माणसाच्या रक्ताच्या नातलगाला तो मेल्याचा खोटा निरोप धाडायचा. नातलग खरोखरचं रडला पाहिजे, त्याला आतलं ठाऊक असून चालत नाही. ते रडणं ऐकून मरणाला वाटतं, चला, इथलं काम झालं, आणि ते आल्या वाटेनं माघारी जातं. मग दोन-चार दिवसांनी खरं कळवायचं, की बाबा, कावळा शिवला होता म्हणून खोटं सांगितलं, रागावू नको.

आता रडायला माणूस शोधायचं कुठलं? सासरकडच्यांचं रडणं म्हणजे पदर डोळ्याला आणि नजर चुलीवरच्या भांड्याला. खरा रडणारा एकच, सांगलीचा भाऊ, भाऊसो. हळदीच्या अडतीत तोलार होता. आणि त्याच्याशी तर अबोला. त्याची पोरगी कृष्णातला करायची, असं पाळण्यात ठरलेलं, अंबूबाईनं ऐनवेळी शिराळ्याची शालू पसंत केली. भाऊसो तेव्हा अंगणात उभं राहून ओरडला होता, "आक्का, हितनं फुडं तुज्या दारात पाऊल ठेवलं तर बापाचं नाव सांगनार न्हाई!" त्याच्या घरात मग तिचं नाव काढायची चोरी झाली. आईबाप गेलेले, माहेरच्या घराला कुलूप, आणि अंबूबाईच्या गावचा गूळ जायचा कराडला, त्यामुळं इकडचं माणूस सांगलीत फिरकायचं नाही. इकडची बातमी तिकडं नाही, तिकडची इकडं नाही.

बघा बाईचं डोकं! अंबूबाईनं हिशेब केला, भाऊ मामा आहे, ढसाढसा रडेल. आणि हट्टी आहे, शपथ मोडून दारात येणार नाही. म्हणजे रडणंही खरं आणि खोटं उघडं पडायची भीतीही नाही. बनाबाई माल आणायला सांगलीला जातच होती. तिच्याजवळ निरोप दिला, कृष्णात पलटणीतच गेला, मयतसुद्धा आली नाही. पुढच्या खेपेला बनाबाईला खरं सांगायला धाडलं. ती परत आल्यावर अंबूबाईनं विचारलंही होतं, "सांगितलंस न्हवं?" ती म्हणाली होती, "व्हय, सांगितलं." त्यावर भाऊकडून बरं नाही, वाईट नाही. अंबूबाईला वाटलं, चिडला असेल. चिडू दे. लेक तर धडधाकट पलटणीत गेला, पुन्हा उन्हाळ्यात रजेवर येऊन गेला, शालूला दिवस गेले. सगळं गोड झालं होतं.

"सांगितलंच न्हाईस?" अंबूबाईनं आता दातओठ खाऊन विचारलं. "अगं मग वरीसभर माजा भाऊ काय समजून बसलाय?"

"वैनी, तुमी ते रडनं बघितलं न्हाई. भिंतीवर डोकं आपटून घेत हुता ओ. पुन्यांदा त्याच्या दारात जाऊन, मी तुला खोटं रडवलं, असं सांगायची माजी छातीच झाली न्हाई. त्या गल्लीनं जायचंच सोडलं मी. आन् आज सकाळी सांगलीच्या बाजारात त्योच फुड्यात उभा. म्हनला, उद्या पोराचं वरीस. पेपरात फोटू दिलाय, म्हनावं. आक्काला सांग, मी दारात येनार न्हाई, पर पोराला इसरलो न्हाई."

"आन् तवा बी तुला त्वांड उघडता आलं न्हाई?"

"जीभच उचलंना, वैनी."

अंबूबाईला तिला चार शिव्या हासडायच्या होत्या, पण तेवढ्यात शालू तांब्या घेऊन आली, आणि शिव्या घशातच राहिल्या.

लढाई थांबून आठवडा झाला होता. ढाक्याला पाकिस्ताननं शरणागती लिहून दिली, चावडीवर गुलाल उधळला. आसपासच्या गावांत पत्रं येऊ लागली होती, आणि एका गावात तारही आली होती. कृष्णातचं मात्र दिवाळीच्या आधीचं पत्र, त्यानंतर अक्षर नाही. अंबूबाई रोज टपालवाल्याच्या वाटेवर डोळे लावून बसायची आणि शालूसमोर रोज म्हणायची, "यील गं, लढाईत पत्रं तुंबत्यात." आणि आता उद्या सकाळच्या गाडीनं पेपर येणार. चावडीवर दादासो तो मोठ्यानं वाचणार. हा गडी पेपर असा वाचायचा की सिनेमाची जाहिरातसुद्धा सोडायचा नाही. आणि त्यात कृष्णातचा फोटो, आत्म्यास शांती लाभो! शालूच्या कानावर पहिला कोणता शब्द पडणार, आणि ऐकून पोटातल्या जिवाचं काय होणार?

त्याहूनही एक धास्ती होती, ती अंबूबाईनं बनाबाईलाही सांगितली नाही. एका माणसाच्या रडण्यानं मरण माघारी फिरलं असेल, तर उद्या हजारो माणसं फोटोकडं बघून गेला बिचारा म्हणतील, त्या हजारांच्या बोलण्याला काही जोर असेल की नसेल? तिकडं पोर कुठं पडलंय कळत नाही. जित्या माणसाचं वर्ष घातलं तर काय होतं, हे आईनं, आजीनं सांगितलंच नव्हतं.

"सांगलीला जाऊन येते," ती उठलीच. "भाऊला बरं न्हाई म्हनं." आणि बोलून गेल्यावर तिनं जीभ चावली. अगं बाई, आता आणि त्याच्यावर खोटं दुखणं कशाला घातलंस!

शिराळ्याच्या स्टँडवर गाडी लागलेली होती, पण ड्रायव्हरचा चहा संपता संपत नव्हता. अंबूबाई दोनदा खाली उतरून त्याच्याकडं बघून आली. "बाबा, वाईच लौकर घ्या." तो म्हणाला, "मावशी, गाडी टायमानं सुटती." पुढं इस्लामपुरात गाडी बदलली, तर दुसरीचं चाक आष्ट्याच्या अलीकडं बसलं. माणसं उतरून शेंगा खात बसली. अंबूबाई रस्त्यावर येरझारा घालत राहिली. पेपर कसा छापतात, कधी छापतात, तिला काय ठाऊक? आत्ता या घटकेला छापतही असतील. एक म्हातारा म्हणाला, "बसा की बाई, पायाला काय भिंगरी लावलीया?" ती त्याच्या अंगावर ओरडली, "तुमचं पोर हाय का लढाईवर?" म्हाताऱ्यानं हातातल्या शेंगा तिच्यापुढं केल्या.

सांगलीत उतरली तेव्हा उन्हं कलली होती. भावाच्या गल्लीला हळदीचा तोच जुना वास येत होता. दारात पोचते न पोचते तोच भावजय सुलाबाईनं तिला पाहिलं, हातातलं सूप टाकलं आणि गळ्यात पडून हेल काढला, "आवं वन्सं, कसं वो सोन्यासारखं प्वार गेलं तुमचं, वरीस झालं, आत्ता आलासा वो!"

आणि इथं एक विपरीतच घडलं. अंबूबाई सांगायला आली होती की गप बस, माझं पोर जितं आहे. पण तो हेल कानात शिरला, आणि दोन महिने छातीत दाबून धरलेलं सगळं एकदम वर आलं. सुलाबाईच्या खांद्यावर डोकं ठेवून ती हमसाहमशी रडायला लागली. रडता रडता तिचं तिलाच कळेना, ही खोट्या मरणाला रडते आहे का खऱ्याला. तिनं तोंडावर हात दाबला, तरी रडणं थांबेना.

मग तिची नजर भिंतीकडं गेली. पलटणीत भरती झाल्यावर कृष्णातनं मामाला हौसेनं पाठवलेला फोटो, टोपी तिरकी, ओठावर नुकती मिसरूड. त्याच्यावर झेंडूचा ताजा हार, समोर समई. उद्यासाठी आजच तयारी करून ठेवलेली. अंबूबाईनं तीरासारखं जाऊन तो हार ओढून काढला आणि दाराबाहेर भिरकावला. फुंकर मारून समई विझवली. आतून भाऊसो धावत आला. दाढीचे खुंट पांढरे झालेले, गालफडं बसलेली. एका वर्षात भाऊ एवढा म्हातारा झाला होता.

"आक्का, डोकं फिरलं काय तुजं?"

"भाऊ, त्यो जिता हाय."

आणि अंबूबाईनं सगळं सांगून टाकलं, कावळा, तोडगा, बनाबाई. भाऊसो ऐकत गेला, तसतसा त्याचा चेहरा तांबडालाल होत गेला.

"मला रडवलंस? मला?" त्यानं हात उगारला आणि तो तसाच आपल्या कपाळावर मारून घेतला. "अगं, शिराळ्यापतूर आलो हुतो मी त्या वक्ताला! स्टँडवर बसून रडलो. तुज्या दारात यायचं न्हाई म्हनून तसाच माघारी फिरलो. दोन कोस चाललो असतो तर त्यो अंगनात बसलेला दिसला असता!"

"व्हय रं, जेवत बसला असंल," अंबूबाई म्हणाली, आणि तिला पुन्हा हुंदका आला. "मला काय बी बोल, भाऊ, पायतान काढून हान. पर आधी त्यो फोटू थांबीव."

भाऊसोनं टोपी उचलली. दारात जाऊन थबकला. "त्याचं पत्तर कवा आलंय?"

अंबूबाई विझलेली समई उचलून बाजूला ठेवायला लागली.

"आक्का, तुला इचारतोय."

"दिवाळीच्या आधी."

"म्हंजी लढाईच्या आधी." भाऊसोचा आवाज एकदम बारीक झाला. "मग जिता हाय, हे तू कशावरनं सांगतीस?"

"आन् मेला, हे तू कशावरनं छापतूस?"

यावर भाऊसोनं सायकलच काढली. पन्नाशीची बाई सायकलच्या मागं बसली आणि भावाच्या सदऱ्याला घट्ट धरून सांगलीच्या बाजारातून निघाली. लोक वळून बघत होते. एरवी ती लाजेनं मेली असती.

छापखान्यात शाईचा आणि रॉकेलचा वास कोंडला होता. जाहिरातींचं काम बघणारे नानासो चष्मा कपाळावर सरकवून हिशेब करत होते. आतल्या खोलीत शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवून बांधलेलं पान लोखंडी चौकटीत मशीनवर चढलं होतं, आणि एक कामगार त्याला शाई लावून बघत होता.

"साहेब, कृष्णातची जाहिरात काढा," भाऊसो धापा टाकत म्हणाला.

"काढा म्हणजे? पान मशीनवर चढलंय, भाऊसो. आणि काय चुकलंय त्यात? तुम्ही सांगितलं तेच शब्द घातलेत. 'प्रथम पुण्यस्मरण', फोटो, खाली मामा म्हणून तुमचं नाव."

"पोरगा जिता हाय. ही त्याची आई."

नानासोंनी चष्मा डोळ्यांवर घेतला आणि दोघांकडं आळीपाळीनं पाहिलं. माणूस वाईट नव्हता, पण कोड्यात पडला होता. "भाऊसो, परवा याच खुर्चीत बसून तुम्ही रडलात. गेला म्हणालात. आज जिवंत म्हणताय. उद्या परत येऊन का छापलं नाही म्हणाल. मी मशीन थांबवतो, पण मला एकदा नीट, खरं काय ते सांगा. मुलगा आहे?"

भाऊसोनं बहिणीकडं पाहिलं. पुढं तो काही बोलणार नव्हता, बोलायचं होतं ते तिलाच. आत मशीनचा खडखड आवाज सुरू झाला.

अंबूबाईला वाटलं, जमिनीनं पोटात घ्यावं. गेल्या वर्षी पोर धडधडीत अंगणात बसलेलं असताना ती गेला म्हणाली होती, आणि म्हणताना जीभ अडखळली नव्हती. आज आहे म्हणायचं होतं, तर तेवढं एक अक्षर बाहेर पडेना. गावात या क्षणी तार आलेली असली तर? शालू ती हातात धरून उभी असली तर? खोटं ठरलं तर हे बोलणंच पोराला बाधणार नाही ना? एकदा खोटं बोलून त्याला वाचवलं, आता दुसऱ्यांदा...

"मावशी," नानासो हळू म्हणाले, "कागद निघायला लागतील."

"हाय," अंबूबाई म्हणाली. आवाज निघाला नाही, म्हणून तिनं परत म्हटलं, ओरडूनच म्हटलं, "हाय! माजा कृष्णात जिता हाय! आई सांगतीया न्हवं, काढा त्यो फोटू!"

मशीन थांबलं. कामगारानं चौकट सैल केली, फोटोचा ठसा आणि त्याच्या खालचे जुळवलेले खिळे उचलून बाजूला ठेवले. पानात तळहाताएवढी पोकळी राहिली.

"इथं आता काय घालू?" नानासोंनी विचारलं. "जागा तुमच्या नावाची आहे. दुसरं काही छापायचं?"

"काय बी नगं," अंबूबाई घाईघाईनं म्हणाली. "चांगलं नगं आन् वाईट बी नगं. मोकळीच ऱ्हाऊ द्या."

कामगारानं तिथं एक सपाट लाकडी तुकडा बसवला आणि मशीन पुन्हा सुरू झालं.

सकाळच्या पहिल्या गाडीनं ती निघाली, तेव्हा पेपरचे गठ्ठे त्याच गाडीच्या टपावर होते. भाऊसो स्टँडवर सोडायला आला, पण गाडीत चढला नाही. "पत्तर आलं की मी येतो," तो म्हणाला. "शपथ-बिपथ गेली खड्ड्यात. पर नुसता जीव टांगनीला लावून येत न्हाई तुज्या दारात." आणि गाडी हलल्यावर खिडकीबरोबर चालत म्हणाला, "आक्का, एक सांगू? एका दिसाच्या रडन्यानं मरन माघारी जात आसंल, तर मी वरीसभर रडलोय. एवढं कुनी कुनासाठी रडलं नसंल. त्याला काय हुत न्हाई, बघ."

गावात चावडीवर दादासोनं पेपर उलगडला, सगळा वाचला, आणि त्या पांढऱ्या जागेवर बोट ठेवून म्हणाला, "च्यायला, हितं शाई संपली वाटतं!" माणसं हसली. अंबूबाई तिथूनच चालली होती. ती थांबली नाही, खाली मान घालून घरी आली आणि शालूच्या हातची भाकरी घेऊन चुलीपुढं बसली.

पत्र त्यानंतर चार-पाच दिवसांनी आलं. टपालवाला लांबूनच हात हलवत होता. शालू चौथी शिकलेली, तिनंच वाचलं. अक्षर कृष्णातचं होतं, थोडं वाकडंतिकडं. "मी खुशाल आहे. उजव्या पायाला गोळी लागली. दवाखान्यात आहे. पाय राहिला, पण थोडा लंगडा राहील म्हणतात." शालू रडत रडत हसली आणि अंबूबाईनं देव्हाऱ्याकडं बघून हात जोडले. मग शालू एकदम थांबली.

"वाच की गं."

"अर्जुना माझ्या शेजारीच होता," शालूनं वाचलं. "तो जागेवरच गेला. घरचं कुणी नाही म्हणून तार कुठं पाठवायची, असं साहेब विचारत होते."

अंबूबाईला ते दुपारचं अंगण दिसलं. दोन पोरं शेजारी शेजारी, एकाच्या डोक्याला तेल आणि दुसऱ्याच्या नाही. कावळा एकाच्या डोक्यावरून उठून दुसऱ्याच्या डोक्यावरून गेलेला. मरण माघारी जातं म्हणून तिनं केवढा तोडगा केला होता, पण माघारी जातं म्हणजे कुठं जातं, हे तिनं कुणाला विचारलं नव्हतं.

भाऊसो कबूल केल्याप्रमाणं आला. शालूला हिरवं लुगडं आणलं होतं. उंबऱ्याबाहेर क्षणभर थांबला आणि आत आला. बहीण कोपऱ्यात डोळे पुसत बसलेली बघून चक्रावला. तिनं सांगितल्यावर त्यानं लुगडं खाली ठेवलं आणि तिच्याजवळ बसला.

"आक्का," तो म्हणाला, "कावळा बसायला आन् फांदी मोडायला एक गाठ पडती. लढाईतली गोळी काय कावळ्याला इचारून जाती व्हय?"

"कळतंय रं मला बी," अंबूबाई म्हणाली. "पर एकाला तू वरीसभर रडलास. त्याच्यासाठी कोन रडलं?"

पुढचं साल दुष्काळाचं निघालं. विहिरी आटल्या, माणसं खडी फोडायला गेली, शालूची पोरगी त्या धुरळ्यातच रांगायला लागली. मार्गशीर्ष जवळ आला, तशी अंबूबाईनं कृष्णातकडून एक फोटो मागून घेतला. सुट्टीच्या दिवशी दोघा दोस्तांनी स्टुडिओत जाऊन काढलेला. कृष्णातनं काही न विचारता कात्रीनं आपली बाजू कापली आणि अर्जुनाची आईच्या हातात दिली.

सांगलीच्या छापखान्यात नानासो तिथंच, तसेच बसले होते. त्यांनी आधी भाऊसोला ओळखलं, मग अंबूबाईला, आणि दारात कुबडी टेकून उभा असलेला तरणा गडी बघितल्यावर खुर्चीतून उठलेच. "म्हणजे त्या मोकळ्या जागेचा मालक हाच का? या, या, आत या!"

"साहेब, त्या जागेसाठीच आलोया," अंबूबाई म्हणाली आणि तिनं फोटो पुढं ठेवला.

नानासोंनी नाव लिहून घेतलं, गाव लिहून घेतलं, 'प्रथम पुण्यस्मरण' लिहिलं. मग लेखणी थांबली. "खाली शोकाकुल कोण?"

"आई, अंबूबाई."

"मामा, भाऊसो," भाऊसो पाठोपाठ म्हणाला.

नानासोंनी एकदा फोटोकडं आणि एकदा तिच्याकडं पाहिलं. "मावशी, विचारू नये, पण हे गाव जतकडचं, आडनाव वेगळं. हा तुमचा मुलगा कसा?"

अंबूबाईनं फोटोवर हात ठेवला. पोराच्या खांद्यावर दुसऱ्या कुणाचा तरी हात दिसत होता, मनगटापाशी कापलेला.

"शेजारी शेजारी बसली हुती दोन पोरं," ती म्हणाली. "मी एकासाठीच रडायची येवस्था केली. तेवढं आई म्हनून घाला, साहेब."

नानासोंनी मान खाली घातली आणि लिहिलं, आई, अंबूबाई.